चार बोटं तार

मी तीस वर्षं वायरमनचं काम करतोय आणि त्यातली निदान पंचवीस लोकांवर ओरडण्यात घालवली आहेत. कुणी ओल्या हाताने बटण दाबलं की ओरड, कुणी प्लग काढताना वायर धरून खेचली की ओरड, कुणी एकाच सॉकेटवर फ्रिज, इस्त्री आणि मोबाइलचे चार्जर असा सगळा गोतावळा टांगला की ओरड. पाहुणा म्हणून गेलो तरी माझी नजर आधी भिंतीवर जाते. पिवळी पडलेली प्लेट, भोकाभोवतीचा काळा डाग, दोन उघड्या वायरी तशाच खुपसून त्यांना काडेपेटीच्या काड्यांची मारलेली पाचर, असलं काही दिसलं की मला समोरचा चहा गोड लागत नाही. नात्यातले लोक मला प्लगमास्तर म्हणतात. मी दारात दिसलो की ताई घरातल्यांना सांगायची, साहेब आले रे, आता सगळ्यांची झडती होणार.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यानंतर माझी शाळा, माझे डबे, माझ्या फाटलेल्या पँटी हे सगळं तिनेच निस्तरलं. मागच्या वर्षी ती शॉक लागून गेली. ज्या तारेने ती गेली, ती तार मी बसवली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे माझी जीभ अडखळेल आणि मी पुन्हा कुणावर तरी ढकलून मोकळा होईन. ढकलण्यात माझा हात चांगला बसलेला आहे.

काय झालं ते समजायला थोडं सॉकेट समजून घ्यावं लागेल. खालच्या दोन भोकांपैकी एकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. येते ती फेजची तार, परत नेते ती न्यूट्रलची. वरचं तिसरं, मोठं भोक अर्थिंगचं. त्याची तार भिंतीतून थेट खाली जाऊन जमिनीत पुरलेली असते. मशीनच्या पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर ती माणसाच्या अंगातून न जाता मुकाट्याने मातीत जावी एवढ्यासाठी. ताईच्या इमारतीत ही तिसरी तार कुणी ओढलीच नव्हती. चार मजली जुनी इमारत, ताई तिसऱ्यावर. वरचं भोक नुसतं शोभेचं.

ताईची मनगटं दुखायची. पिळे पिळून पिळून ती सुजायची, म्हणून भाचीने आईसाठी कपडे धुण्याचं मशीन घेतलं. बसवायला आलेल्या माणसाने सॉकेटमध्ये आपला तीन दिव्यांचा टेस्टर खुपसला. दोन दिवे लागायला हवे होते, एकच लागला. त्याने मशीन खोक्यातून काढलंसुद्धा नाही. अर्थिंग करून घ्या, मी चारपर्यंत याच भागात आहे, नाहीतर पुढच्या आठवड्यात, असं सांगून तो जिना उतरला. ताईने मला फोन केला.

खरं काम दोन दिवसांचं होतं. तिसऱ्या मजल्यापासून खाली तार ओढायची, आवारात खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याची सळई गाडायची, आणि मेनपाशी गळती झाली की आपोआप पडणारा स्विच बसवायचा. भिंत सॉकेटपासून खालपर्यंत फोडावी लागली असती. भाऊजींनी नुकताच घराला रंग दिला होता, फिकट हिरवा, आणि त्याचा वास अजून गेला नव्हता. आणि माझ्याकडे एका ऑफिसचं मोठं काम चालू होतं. तीन वाजले होते.

मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात आणि गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. प्लेट उघडली, चार बोटं लांबीचा हिरव्या तारेचा तुकडा कापला, त्याचं एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूखाली आणि दुसरं वरच्या तिसऱ्या भोकाच्या स्क्रूखाली आवळलं. जमिनीपर्यंत जायचंच नाही, शेजारच्या तारेलाच जोडून द्यायचं. टेस्टरला फरक कळत नाही. दोन्ही दिवे लख्ख लागतात. न्यूट्रल शाबूत आहे तोवर माणसालाही फरक कळत नाही. पण ज्या दिवशी तो मागे कुठेतरी सांध्यात सैल होतो, त्या दिवशी जी वीज परत जायची ती मशीनच्या पत्र्यावर येऊन बसते आणि वाट बघते.

मी हे करत असताना ताई माझ्यामागे टॉर्च धरून उभी होती. तिला वायरिंगमधलं कळत नव्हतं, पण मी काहीतरी चोरून करतोय हे कळत होतं. लहानपणी मी गृहपाठ न करता वह्या दप्तरात भरायचो, तेव्हाही तिला पाठीमागूनच कळायचं.

“हे चालेल ना रे?” तिने विचारलं.

“तात्पुरतं आहे. पुढच्या महिन्यात नीट करून देतो. मी आहे ना.”

मी आहे ना. हे माझं ठरलेलं वाक्य. त्याच्यावर लोक निर्धास्त झोपतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत, आणि मला ती ठाऊक होती. काड्या खुपसणाऱ्या लोकांना मी अडाणी म्हणायचो. माझी पाचर प्लेटच्या आत असायची, एवढाच फरक.

पुढचा महिना काही आला नाही. आधी ऑफिसचं काम लांबलं, मग भाचीच्या नव्या घराचं वायरिंग, मग माझी पाठ. ताईने दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा नाही दिली. मशीन छान चालत होतं. तिची मनगटं बरी झाली होती, आणि मी गेलो की ती मला उगाचच मनगट फिरवून दाखवायची.

दोन वर्षांनी एका मंगळवारी तिचा फोन आला. मी एका दुकानाच्या छतात अर्धा घुसलेलो होतो, एक पाय शिडीवर आणि एक पाय कपाटावर. ती म्हणाली, मशीनच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं, झिणझिणतं.

असा फोन आला की वायरमनने शिडीवरून उतरायचं असतं. बटण बंद कर, प्लग काढ, मी येईपर्यंत हात लावू नकोस, एवढी तीन वाक्यं बोलायची असतात. मी हजार वेळा दुसऱ्यांना ती ऐकवली आहेत. पण त्या दिवशी मला घाई होती, आणि मुंग्या म्हणजे काही झटका नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

“रबराची चप्पल घालून लावत जा,” मी म्हटलं. “रविवारी येतो.”

हेही मी सगळ्यांनाच सांगायचो. पायात रबर असलं की वीज खाली जात नाही, हे अर्धं खरं आहे.

शुक्रवारी सकाळी ती गेली. भाऊजी शिंपी आहेत, घरातच पुढच्या खोलीत पायमशीनवर शिवतात. कुणाचे तरी पांढरे पडदे शिवून तयार होते आणि त्यातल्या एकाला पायमशीनच्या तेलाचा डाग लागला होता. गिऱ्हाईक चारला येणार होतं. ताई म्हणाली, हाताने धुते. भाऊजी म्हणाले, मनगटं पुन्हा धरतील, मशीन कशाला घेतलंय. मग तिने चप्पल घातली आणि पडदे मशीनमध्ये टाकले. भाऊजींना मशीनचा आवाज ऐकू येत होता, आणि बराच वेळ तिचा आवाज येईना, तेव्हा ते उठले.

चप्पल तिच्या पायातच होती. एक हात मशीनच्या पत्र्यावर होता आणि दुसऱ्या हाताने ती नळ बंद करायला गेली होती. नळ लोखंडी, त्याचा पाइप भिंतीतून थेट जमिनीत. एका हातातून आलेली वीज दुसऱ्या हाताने गेली, मधे छाती. पायाकडे विजेला जायचंच नव्हतं, मग चपलेला कोण विचारतो.

भाऊजींनी तिला हात लावला नाही. धावत जाऊन आधी मेन पाडला, मग तिला ओढून कोरड्या जागी घेतलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या, छाती दाबत राहिले. मी वीस वर्षं ज्या गोष्टी त्यांच्या कानीकपाळी ओरडलो होतो, त्या त्या माणसाने एकही न चुकता केल्या. काही उपयोग झाला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. भाची भिंतीला टेकून खाली बसली. भाऊजी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होते की मेन पाडायला मला उशीर झाला का. मग कुणीतरी म्हणालं की तिचं ओळखपत्र लागेल, आणि वीज खात्याचा इन्स्पेक्टर दुपारी घरी येणार आहे. भाऊजींनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी एकटा जिना चढलो. दारावरच्या जंक्शन बॉक्सचं झाकण काढलं आणि मिनिटभरात सगळं कळलं. न्यूट्रलचा सांधा सैल होऊन काळा पडला होता, वरची टेप वितळून सुटली होती. मग मी बाथरूममध्ये गेलो. फरशी ओलीच होती. पडदे मशीनमध्ये तसेच होते. मी प्लेटचे दोन स्क्रू काढले, माझा हिरवा तुकडा तिथे होता, मी तो सोडवून खिशात टाकला आणि त्याच दोन स्क्रूंनी प्लेट परत बसवली. वर रुमालाने पुसूनही घेतली. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. मग कपाटातून ताईचं ओळखपत्र घेऊन खाली उतरलो. मला रडू आलं नव्हतं. मला फक्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीची मला अजून किळस येते.

इन्स्पेक्टर मध्यमवयाचा, दमलेला माणूस होता. त्याने प्लेट उघडली, तिसऱ्या स्क्रूला काहीच नाही हे बघितलं आणि मान हलवली. या भागात सगळीकडे हेच, म्हणाला. मशीन बसवणाऱ्याने कागदावर अर्थिंग असल्याची खूण केली होती, त्यावर तो म्हणाला, हे लोक न बघताच खुणा करतात. मशीनमध्ये गळती, न्यूट्रलचा सांधा खराब, अर्थिंग नाही, असं तो लिहीत गेला. मग पेन थांबवून त्याने माझ्याकडे पाहिलं. तुम्ही तर याच धंद्यातले, बहिणीच्या घरात अर्थिंग का नाही केलंत?

भाऊजी दारात चौकटीला धरून उभे होते.

“भिंत फोडावी लागली असती,” मी म्हणालो. “घरचे तयार नव्हते. रंग नुकताच दिलेला होता.”

हे कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. खरं सांगायचं तर माहीत आहे. प्लेट पुसली तेव्हापासून ते तोंडात तयार होतं. मला वाटलं भाऊजी चिडतील, म्हणतील मी कधी नाही म्हणालो. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, तो फिकट हिरवा रंग बघितला आणि मान डोलावली.

“हो,” ते म्हणाले. “रंग नुकताच दिला होता.”

इन्स्पेक्टरने ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून भाऊजींनी घरचा मेन वर केला नाही. फ्रिज उघडा टाकला. दिवसा खिडकीपाशी पायमशीन ओढून शिवायचे, अंधार पडला की थांबायचे. इस्त्री बंद, त्यामुळे शिवलेले कपडे चुरगळलेलेच गिऱ्हाइकांच्या हातात जायचे, आणि हळूहळू गिऱ्हाइकं यायची बंद झाली. भाची डबा आणून द्यायची, तो कधी अर्धा तर कधी भरलेलाच परत जायचा. चादरीसुद्धा ते हाताने धुवायचे. भाचीने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, आपल्या घरी चला म्हणून हातापाया पडली. भाऊजी एवढंच म्हणायचे की रंगापायी गेली ती.

मी दर आठवड्याला जायचो आणि त्यांच्यासमोर मूग गिळून बसायचो. आता बोलतो, उद्या बोलतो. वेळ मारून नेण्याची सवय अंगात मुरलेली असली की माणूस मयताच्या घरातही तेच करतो.

चार महिन्यांनी एका दुपारी भाचीचा फोन आला. तिचा आवाज चिरका झाला होता. बाबांनी बाथरूमची भिंत उकरायला घेतली आहे, म्हणाली. दोन दिवस झाले, कात्री आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेत, बोटं सोलली आहेत, कुणाचं ऐकत नाहीत.

“मामा, तुझं ते ऐकतील. विजेतलं तुलाच कळतं. त्यांची चूक नव्हती असं तू सांग ना त्यांना.”

येतो म्हटलं. फोन ठेवला आणि हत्यारांच्या पिशवीतली टेस्टरची डबी उघडली. तो हिरवा तुकडा मी तिथेच ठेवला होता. फेकून का दिला नाही, ते मला सांगता येत नाही. बहिणीच्या घरून मी उचलून आणलेली तेवढीच एक वस्तू होती. फेकला असता तर मी सुटलो असतो, आणि भाऊजी त्या भिंतीपाशीच मेले असते. मी त्यांना नुसतं तोंडाने सांगितलं असतं की तुमची चूक नाही, तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला असता. त्यांना पटवायचं तर ही तार समोर ठेवावी लागणार होती. आणि ती ठेवली की ताईच्या घरात मला पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, हेही कळत होतं.

भाऊजी बाथरूमच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. केसांत, भुवयांवर चुना आणि सिमेंटची भुकटी. सॉकेटपासून खाली सरळ रेषेत दोन बोटं रुंद चर खोदला होता. शिंप्याच्या हाताचा सरळपणा त्यातही होता, आधी खडूने रेघ मारून घेतलेली दिसत होती. उजव्या हाताच्या बोटांना शिवणाच्या चिंध्या गुंडाळलेल्या, त्यांतून रक्त वर आलेलं.

मला बघून ते म्हणाले, आलास, बरं झालं. खाली पोचायला अजून दोन दिवस लागतील. मग तू तार घाल.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि तो तुकडा फरशीवर ठेवला.

“ही काय?”

“ही तुमच्या सॉकेटमध्ये होती. मीच बसवली होती, आणि त्या दिवशी मीच काढली. इन्स्पेक्टर यायच्या आधी.”

मग मी सगळं सांगितलं. तीन दिवे, तीन वाजलेली दुपार, तार जमिनीपर्यंत जायला हवी होती आणि चार बोटांवरच थांबली, हे सगळं. मंगळवारचा फोन त्यांना माहीत होता, तरी तोही सांगितला. ते ऐकत होते आणि तो तुकडा बोटांत फिरवून बघत होते, कापडाचा पोत बघावा तसा.

“म्हणजे आत टाचलंच नाहीस,” ते म्हणाले. “वरून नुसती शिवण दाखवलीस.”

“हो.”

“तिला माहीत होतं?”

“तिने टॉर्च धरला होता. चालेल ना, असं विचारलं. मी म्हटलं, मी आहे ना.”

मला वाटलं होतं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते भिंतीतल्या चराकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

“भिंत फोडू नकोस असं मी कधी म्हणालो होतो रे?”

“नाही म्हणालात. मी विचारलंच नव्हतं तुम्हाला.”

“मला आठवत नव्हतं,” भाऊजी म्हणाले. “चार महिने आठवतोय. कधी म्हणालो, कुठं उभा राहून म्हणालो. मग म्हटलं, म्हणालो असणार. तू कशाला खोटं बोलशील.”

तेव्हा मला रडू आलं. ताईसाठी जे चार महिने आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. भाऊजींनी मला थोपटलं नाही आणि थांब असंही म्हटलं नाही. माझं होईपर्यंत त्यांनी चिंध्या सोडून बोटं धुतली, पुसली आणि परत येऊन समोर बसले.

“पोरीच्या घरात?” त्यांनी विचारलं.

भाचीच्या घरीही मशीन होतं, आणि तिचं वायरिंग मीच केलेलं. तिच्या दोन वर्षांच्या मुलीसाठी मी खालच्या सगळ्या सॉकेटांत प्लॅस्टिकची टोपणं घालून दिली होती, आणि प्लेटच्या आत हाच हिरवा तुकडा. त्या इमारतीची अर्थिंगची तार तळमजल्यावर तुटलेली होती आणि तेही मी पुढच्या महिन्यावर टाकलेलं होतं.

“तिथेही होती,” मी म्हणालो. “काढली. खरी तार ओढून दिली.”

“कधी?”

“ताई गेल्यावर पाचव्या दिवशी.”

“आणि बाकीच्यांची?”

भाऊजी अडाणी नाहीत. बाकीची घरं अजून तशीच आहेत, हे त्यांना माझ्या गप्प बसण्यातून कळलं. दुसऱ्यांच्या घरी जाऊन प्लेट उघडायची म्हणजे आत काय आहे आणि कुणी बसवलं ते सांगावं लागलं असतं. मी एका घरी पाच दिवसांत पोचलो होतो आणि बाकीच्या घरांत चार महिने मशीनं तशीच चालू होती.

“म्हणजे आपलं माणूस तेवढं वाचवलंस,” ते म्हणाले.

ते ओरडले नाहीत. मी पंचवीस वर्षं सगळ्या गावावर ओरडलो, आणि माझ्यावर ओरडायची वेळ आली तेव्हा त्या माणसाने आवाजसुद्धा चढवला नाही.

“किती घरं आहेत?”

“आठवत नाही.”

ते उठले, पुढच्या खोलीत गेले आणि मापांची वही घेऊन आले. छाती, कंबर, बाही असे रकाने आखलेली जुनी वही. कोरं पान काढलं, कानामागची पेन्सिल घेतली.

“आठव.”

मला सगळी आठवत होती. एकही विसरलो नव्हतो. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या नर्सबाई. घड्याळवाल्याच्या वरचे म्हातारा-म्हातारी. दूधकेंद्रामागची जुळ्या मुलांची आई, तिच्याकडे पाणी तापवायच्या गिझरला. शाळेतले चित्रकलेचे सर. मी सांगत गेलो आणि भाऊजी छातीच्या रकान्यात पत्ता, कंबरेच्या रकान्यात मजला लिहीत गेले. एकोणीस घरं झाली. ते प्रत्येकाला विचारत होते की लहान मूल आहे का, म्हातारं कोण आहे, नळ लोखंडी की प्लॅस्टिकचा. नळाचं ऐकून त्यांनी आठ घरांपुढे फुली मारली आणि ती आधी घ्यायची असं ठरवलं. मी काही ठरवण्याच्या लायकीचा उरलो नव्हतो.

मी म्हटलं, भाचीला आज संध्याकाळी सांगतो. ते म्हणाले, सांगशीलच, पण आधी ही घरं. आणि सांगताना मी तिथे नसेन, तुझं तू सांग. मग त्यांनी अंगावरची भुकटी झटकली, चपला घातल्या आणि वही काखेत धरली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला येता, मी जातो एकटा. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो. एकटा गेलो असतो तर मी तीन घरं करून घरी परतलो असतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

पहिली फुली नर्सबाईंची. तळमजला, दुपारचे चार. दार उघडं होतं आणि आतून मशीनचा घुर्र घुर्र आवाज येत होता. मी बेल वाजवली नाही, मला बेलचंही बटण दाबवेना. दारावर हाताने थाप मारली. नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या. कामावर निघायच्या तयारीत होत्या, केस बांधलेले, पण कोपरापर्यंत हात अजून ओले. मला ओळखून हसल्या. अहो मास्तर, आज कुणीकडे, मी बोलावलंही नाही, असं म्हणाल्या.

मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या मशीनचं सॉकेट बसवलं होतं. त्यात एक गोष्ट मी चुकीची केली आहे, ती उघडून दुरुस्त करायची आहे. आधी मशीन बंद करावं लागेल. पुढचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात मला विचारायचं सुचलं की हात लावल्यावर मशीन कधी झिणझिणतं का.

“झिणझिणतं ना, आठवडा झाला असेल,” नर्सबाई सहज म्हणाल्या. “पण मी चप्पल घालते. तुम्हीच नाही का सांगितलं होतं?”

आणि त्यांनी पाय पुढे करून मला चप्पल दाखवली.

मी पायरीवरच उभा राहिलो. भाऊजींनी वही माझ्या हातात दिली आणि मला ओलांडून आत पाऊल टाकलं.

“बाई, मशीनजवळ जाऊ नका,” ते म्हणाले. “मेन स्विच कुठे आहे ते मला दाखवा.”